सहा तासांची हजेरी

बाईने कमरेच्या पिशवीतून कागद काढून पुढे धरला, तेव्हा रामदास ओव्हाळांना आधी दिसली ती स्वतःची सही. बाई कोण, ती आपल्याला सर का म्हणते आहे, हे सगळं नंतर. आधी ती सही. पहिलं अक्षर नको तितकं मोठं, शेवटी खाली ओढलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं त्यांनी तरुणपणी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची बघून उचलली होती, आणि पुढे लाज वाटू लागली तरी हातातून गेली नव्हती. कागद लॅमिनेट केलेला होता. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यांवर सकाळचं ऊन उतरलं होतं आणि ते त्या प्लास्टिकवर पडून डोळ्यांत जात होतं. ओव्हाळांच्या हातात दहा किलो कांद्यांची पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली, चष्मा वर केला, परत खाली केला. समोर पोत्यांच्या थप्पीशी पाच-सहा बायका कांदा निवडत बसल्या होत्या, खराब एकीकडे, चांगला एकीकडे. त्यांच्यातलीच ही उठून आली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, अंगभर लाल टरफलं चिकटलेली.

“सर, वळखलं न्हाई? मी निंगम्माची अव्वा.”

नाव ऐकताच त्यांना खरोखरीचा आनंद झाला. पुढच्या चार दिवसांत त्यांना सगळ्यांत जास्त छळलं ते या आनंदाने. “अरे वा, निंगम्मा!” ते म्हणाले, “बरी झाली ना ती पुढे? कितवीला आहे आता?” बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मागे निवडणाऱ्या बायकांपैकी एकीचे हात थांबले. मग बाई म्हणाली, “तिला जाऊन तीन वर्सं झाली की सर. तुमाला कुणी सांगितलंच न्हाई?” आणि त्यांना काही बोलायला न लावता, जणू तो मुद्दा संपला, तिने कागद आणखी जवळ आणला. “ह्यात तिचं नाव कुठं हाय, तेवडं बोट ठिवून दावा. वकील दावतो, पर मी इसरते. मला समद्या वळी सारक्याच दिसतेत.”

त्यांनी बोट ठेवलं. अकरावी ओळ, निंगम्मा सायबण्णा, इयत्ता चौथी. जानेवारी दोन हजार तेवीस. बोट आपोआप ओळीवरून पुढे सरकत गेलं आणि सतरा तारखेच्या चौकटीवर येऊन थांबलं, कारण तिथे कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता. गोलात त्यांच्या हातचा, सुबक, किंचित डावीकडे कललेला ‘ह’ होता. हजर.

भीमव्वाने, हे तिचं नाव, पुढचं सगळं उभ्या उभ्या सांगितलं, मुकादमाकडे अधूनमधून नजर टाकत. हडपसरच्या पलीकडे मोठी साइट होती. निंगम्मा आईच्या मागोमाग घमेली वाहायची. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर, अकराला थोडं वर झालं असेल, लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीवर प्लायवूड टाकलं होतं आणि त्याच्यावर तिचा पाय पडला. मेली नव्हती. खालच्या खोलीत आणून ठेवली. ठेकेदाराचे साहेब येईपर्यंत दवाखान्यात न्यायचं नाही, म्हणाले. साहेब पाचला आले. दवाखान्यात लिहून दिलं, पोरगी शाळेतून आल्यावर पाण्याच्या टाकीवर खेळत होती, तिथून पडली. “मी म्हणलं, सकाळी पडली, अकराला पडली, माज्या मांडीवर व्हती. तर ते म्हणतेत, बाई खोटं बोलती. पोरगी वारज्याला शाळेत व्हती पाचपातुर. हा बगा कागद. मास्तरची सही हाय.” ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे त्यांनी नीट तपासून पाहिलं. असता तर बरं झालं असतं. “मला बाकी काय नगं सर. कुटं मेली, कवा पडली, तेवडं खरं लिवा म्हनावं. गुरवारी तारीक हाय. वकील म्हणतो, सर आले तर हुईल. तुमाला लई शोदलं.” मुकादमाने हाक मारली. ती वळली आणि पुन्हा मागे आली. “एक इच्यारायचं व्हतं. त्या दिशी काय शिकवलंत वर्गात?”

त्यांना वाटलं, टोमणा असेल. पण ती उत्तराची वाट बघत उभी होती.

वारज्याला परतणाऱ्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि कांद्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते बसले. पिशवी जड होती, मांडी सुन्न होत गेली, तरी ती त्यांनी खाली ठेवली नाही. सहा तास. शाळेची वेळ अकरा ते पाच. आपण एक अक्षर काढलं आणि ते सहा तास त्याच्यात गडप झाले, आपण बसायला दिलेल्या सतरंजीच्या तुकड्यासारख्या त्या चौकटीत. वर्ग डोळ्यांपुढे आला. पत्र्याचं छप्पर, दोन इयत्ता एका खोलीत, समोर वाढत जाणाऱ्या इमारती. पटावरची निम्मी मुलं त्या इमारतींची. यादगीरची, नांदेडची, पार छत्तीसगडची. इमारतीला रंग लागला की मुलं जायची. ती सांगून जात नसत. सोमवारी यायची, मंगळवारी जागा रिकामी, आणि जागेवर पेन्सिलीचा तुकडा नाहीतर एखादी चप्पल. पहिल्या वर्षी ओव्हाळांना त्याने झोप येत नसे. मग त्यांनी, किंवा मुलांनीच, आता आठवत नाही, ती रीत काढली. हजेरी घेताना गेलेल्यांचीही नावं घ्यायची. त्यांच्यासाठी उरलेल्यांनी ओ द्यायची, आणि ते कुठे आहेत ते ओरडून सांगायचं. “शरणप्पा?” “गावाला!” “फुलेश्वरी?” “हिंजवडीला!” “रंगराव?” “माहीत नाय सर, ट्रकात बसला!” वर्ग हसायचा. दहा मुलांचा वर्ग पंचवीस जणांचा असल्यासारखा दणाणायचा, आणि ओव्हाळांना, ज्यांना घरात आवाज चढवायची सवय नव्हती, त्या पाच मिनिटांत आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. आणि ज्याच्या नावाला ओ मिळाली, त्याच्यापुढे ते हजर लिहायचे. ओ आली होती ना?

असं सांगितलं तर ते किती छान दिसतं. बसने चांदणी चौकाकडचं वळण घेतलं आणि त्यांनी स्वतःलाच विचारलं, छान दिसतं म्हणूनच सांगतोयस ना? कारण दुसरंही होतं. मुख्याध्यापिका जयाबाई दर जूनमध्ये म्हणायच्या, “ओव्हाळ सर, पट वीसच्या खाली गेला की तुम्ही अतिरिक्त. मग चंद्रपूर मिळालं तर माझ्याकडे रडायला येऊ नका.” त्या हसून म्हणायच्या, पण खोटं नव्हतं ते. बायकोची, शैलाची, नोकरी पुण्यात, मुलीचं, आम्रपालीचं, कॉलेज पुण्यात. त्या चौकटीत हात कुणाचा होता? मुलांवर जीव असलेल्या मास्तराचा की बदलीला भ्यायलेल्या माणसाचा? तीस वर्षं ते पुस्तकं वाचत आले होते, माणसाचं मन कसं एकाच वेळी दोन दिशांना जातं याबद्दल पानंच्या पानं पेन्सिलीने खुणा केलेली होती घरात, आणि स्वतःच्या हाताविषयी एवढंही त्यांना सांगता येत नव्हतं.

निंगम्मा दोन वर्षं टिकली होती, तिथल्या मानाने फार. काळी, काटक, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. मराठी तिने इतर मुलांच्या भांडणांतून उचलली होती, त्यामुळे तिची पहिली मराठी वाक्यं सगळी शिव्यांची होती. वाचायला लागली तेव्हा दिसेल ते वाचायची. सिमेंटच्या गोण्या, रिक्षांच्या पाठी, ओव्हाळांच्या खिशातला बसचा पास. “सर, तुमचं नाव रामदास? मग आम्ही ओव्हाळ सर का म्हणतो?” एकदा त्यांच्या टेबलावरच्या जाड पुस्तकाचं पहिलं पान तिने अडखळत, बोट फिरवत पूर्ण वाचलं आणि विचारलं, “ह्याच्यात काय होतं शेवटी?” त्यांनी सांगितलं, अजून मी वाचलं नाही. ती म्हणाली, “मग वाचून सांगा. मी असेन तोवर.” दिवाळीच्या आधी ती मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी राहिली. “सर, आमी हडपसरला चाललो. तिथं मोठी बिल्डिंग हाय. माझं नाव नका कापू.” नाही कापणार, ते म्हणाले. “परत आले तर माझी जागा?” “तुझीच.” ती उड्या मारत गेली आणि दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. हे सगळं खरं होतं. पण त्या क्षणी टेबलाचा ड्रॉवर उघडा होता, आणि ड्रॉवरमध्ये, डस्टरच्या खाली, तो कार्डांचा गठ्ठा होता. गाव सोडून जाणाऱ्या मुलांना द्यायची कार्डं. मुलाने ते नव्या जागी दाखवलं की जवळची कुठलीही शाळा त्याला बसवून घेते, दाखला मागत नाही, काही मागत नाही. नाव, इयत्ता, सही, दोन मिनिटांचं काम. ते भरून दिलं असतं तर ती त्यांच्या पटावरून उतरली असती आणि हडपसरच्या एखाद्या शाळेत, सतरा जानेवारीला अकरा वाजता, खरोखरच्या सतरंजीवर बसली असती. त्यांनी पोटाने ड्रॉवर लोटून बंद केला होता. तो आवाजसुद्धा त्यांना आठवला.

घरी शैला कांदे बघून म्हणाली, “अर्धे मऊ आहेत. निवडून घ्यायला काय झालं होतं?” मग तिने त्यांचा चेहरा बघितला आणि पिशवी ओट्याखाली सरकवून समोर येऊन बसली. त्यांनी सांगितलं, तुटक, मागचं पुढे करून. ती पोस्टात पस्तीस वर्षं काउंटरला होती. ऐकताना मध्ये बोलायची नाही.

“कागद त्यांच्याकडे गेला कसा?” सगळं संपल्यावर तिने विचारलं.

हेच त्यांनी गाळलं होतं. “मीच दिला.”

फेब्रुवारीत एक माणूस शाळेत आला होता. विश्वजीत नाव सांगितलं, इस्त्रीचा शर्ट, खाली वाकून नमस्कार. म्हणाला, सर, तुमची एक विद्यार्थिनी आमच्या साइटवर राहायची, खेळताना पडली, जखमी आहे. कंपनी तिच्या कुटुंबासाठी काहीतरी करू म्हणतेय. ती शिकत होती याचा पुरावा मिळाला तर काम सोपं होईल. टेबलावरचं पुस्तक उचलून म्हणाला, “आपलं वाचन दांडगं दिसतंय.” ओव्हाळ विरघळले. स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन जानेवारीचं पान झेरॉक्स करून आणलं, खाली लिहिलं ‘सदर विद्यार्थिनी नियमित उपस्थित असते’, सही केली, टिंबं दिली. वर म्हणाले, “हुशार आहे हो पोरगी. बघा तिचं.” तो माणूस म्हणाला, “बघतोच सर.” त्यानंतर एकदाही त्यांनी चौकशी केली नाही. बरी झाली असेल, असं धरून चालले. हजेरीत तिच्यापुढे मार्चअखेरपर्यंत हजर लिहिलं. ती फेब्रुवारीच्या आधीच गेली होती.

शैला टेबलाच्या कडेवरचा डाग नखाने खरवडत राहिली. “आणि आता आपण जाऊन बोलणार? सगळ्यांसमोर?” तिच्या बोलण्यात ‘आपण’ असा यायचा तेव्हा ओव्हाळ सावध व्हायचे. “दूधवाल्याला ‘पाणी जरा कमी घाला’ म्हणायला तीन आठवडे लागले होते आपल्याला. शेवटी मीच म्हटलं.”

“जायला हवं, शैला.”

“हवं ते कळतंय मला. खोटी हजेरी लावली असं स्वतःच्या तोंडाने सांगणार. उद्या पेन्शनवर आणलं कुणी तर?” ती उठली. आत जाऊन भांडी वाजवली आणि दारात येऊन उभी राहिली. “गुरुवारी तो निळा शर्ट घाला. पांढऱ्याची कॉलर गेलीय.”

तीन दिवस त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बोलायचं ते लिहून काढलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला, वाचून पाहिला तर त्यात ‘माणुसकी’ हा शब्द सहा वेळा आला होता. फाडला. दुसऱ्यात कार्डांच्या गठ्ठ्याचं लिहिलं, ड्रॉवरचं लिहिलं, तो दीड पानाचा झाला, तो ठेवला. आणि दुसरं, भीमव्वाच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. त्या दिशी काय शिकवलंत. ते रोजनिशी ठेवत, नेमाने, पंचवीस वर्षं. माळ्यावरून तेवीस सालची वही त्यांनी घाईघाईने काढली, कारण तिथे वर्गातली खरी संख्या असेल, नावं असतील, पुरावा असेल अशी आशा होती. सतरा जानेवारी, मंगळवार. पूर्ण पान भरलेलं. आदल्या आठवड्यात आणलेल्या एका कादंबरीबद्दल. लेखकाला दुःखाची जाण आहे पण तो ती वाक्यांत मिरवतो, असं काहीसं. मग संक्रांतीचा तिळगूळ उरला होता तो वाटला. थंडी कमी झाली. संपलं. मुलांचं एकही नाव नाही. त्यांनी सोळा बघितला, अठरा बघितला, पूर्ण महिना बघितला. पुस्तकं, पुस्तकं, गुडघा, आम्रपालीचा फोन, पुस्तकं. मग बावीस सालची वही काढली, तिच्यात निंगम्माचं नाव संबंध वर्षात एकदा होतं, दिवाळीआधी. ‘आज निंगम्मा गेली. मन उदास. सायंकाळी वाचन.’ वही मिटून ते माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. आपण दयाळू नव्हतो, हळवे होतो, एवढाच अर्थ त्यांना त्या पानातून लागला, आणि लगेच दुसरी शंका आली की हेही वाक्य चांगलं आहे म्हणून सुचलं असावं.

वकील प्रज्ञेश, भीमव्वाचं काम बिनफीचं करणारा, सव्वीस-सत्तावीसचा, बुधवारी फोनवर म्हणाला, “सर, तुम्ही येताय हेच ह्यूज आहे. जास्त काही बोलू नका. ‘त्या दिवशी ती वर्गात नव्हती’, एवढी एकच लाइन. बाकी मी हँडल करतो.”

कामगार खात्याच्या कचेरीतली खोली ओव्हाळांनी कल्पिली होती त्याहून लहान होती. बँकेसारखी टेबलं, एक कूलर, भिंतीवर जुनं कॅलेंडर. अधिकारी थकलेल्या चेहऱ्याचे, सभ्य. समोरच्या, कंपनीच्या बाजूचे वकील ओव्हाळांच्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी उठून ओव्हाळांना खुर्ची दिली. भीमव्वा भिंतीशी उभी होती, आज डोक्याला फडकं नव्हतं, केसांना तेल लावून चापून बसवलेले. लॅमिनेट केलेला कागद तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आरसा धरावा तसा.

“ही सही आपली?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“हजेरी आपण घेतलीत?”

“घेतली. पण ती नव्हती. निंगम्मा त्या दिवशी वर्गात नव्हती. दिवाळीपासूनच नव्हती.” बोलून झालं. टायपिस्टची बोटं चालली. ओव्हाळांना वाटलं, एवढंच होतं? एवढ्यासाठी आपण चार रात्री जागलो? त्यांनी निळ्या शर्टाच्या खिशातून दीड पान काढलं.

“ते असू द्या,” पांढऱ्या मिशांचे वकील म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “सर, माझे आईवडील दोघंही शिक्षक. आपल्याबद्दल मला आदरच आहे. एकदोन गोष्टी फक्त विचारतो. त्या दिवशी वर्गात खरोखर किती मुलं होती?”

“दहा. अकरा असतील.”

“दहा की अकरा?”

“आठवत नाही.”

“कोण कोण होती?”

ओव्हाळांनी तोंड उघडलं. ओरडणारे चेहरे दिसत होते, उघडी तोंडं, पडलेले दात, पण ते सगळ्या वर्षांचे एकमेकांत मिसळून गेले होते. “नक्की सांगता येणार नाही.”

“राहू दे. अठरा तारखेला ती होती?”

“नाही.”

“हजेरी?”

“लावली.”

“एकोणीस?”

“लावली.”

“म्हणजे रोज खोटं लिहीत होतात.” वकिलांनी चष्मा काढून पुसला. “पाच महिने रोज. आणि आज तेवढं खरं बोलताय. कशावरून, सर? मी नाही म्हणत तसं. पण कुणी म्हणेल.”

“मुलं ओरडली होती,” ओव्हाळ म्हणाले.

“काय?”

“मी नाव घेतलं की मुलं ओरडायची. ती कुठे आहे ते. त्या दिवशी... रोजच... ‘हडपसरला’ म्हणून ओरडायची. सगळी मिळून.” खोलीत कूलरचा आवाज मोठा झाला. टायपिस्ट मुलीने मान वर केली. “सर, हे घेऊ?” अधिकाऱ्यांनी ओव्हाळांकडे पाहिलं, त्या नजरेत कीवच होती, आणि म्हणाले, “नको.” मग अधिकारी सांगत गेले, टायपिस्ट लिहीत गेली. दिनांक सतरा जानेवारी रोजी सदर विद्यार्थिनी वर्गात गैरहजर होती असे साक्षीदार आज सांगतात. हजेरीपटावरील नोंद आपण वस्तुस्थितीस सोडून केली हे त्यांना मान्य आहे. साक्षीदाराजवळ अन्य पुरावा नाही. कार्डांचं, ड्रॉवरचं कुणीच विचारलं नाही. दीड पान त्यांच्या मुठीत घामाने मऊ झालं. ओव्हाळांनी सही केली, आणि या वेळी टिंबं न देण्याचा प्रयत्न केला, तरी ती आलीच. भीमव्वाने कुठल्याशा अर्जावर अंगठा दिला आणि निळा अंगठा पदराच्या आतल्या बाजूला पुसला. पुढची तारीख दहा.

जिन्यात प्रज्ञेश म्हणाला, “थँक्यू सर, खरंच हेल्प झाली,” आणि मोबाइलमध्ये बघत राहिला. चेहऱ्यावरची निराशा झाकता येण्याइतका तो अजून मुरलेला नव्हता. भीमव्वाने त्याला विचारलं, “काय लिवलं?”

“मावशी, सरांनी सांगितलं की निंगम्मा त्या दिवशी शाळेत नव्हती. आपल्याला तेच पाहिजे होतं ना?”

“व्हय,” ती म्हणाली. “तेच पायजे व्हतं.” प्रज्ञेशला दुसरीकडे जायचं होतं, तो गेला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. ओव्हाळ उभे राहिले, मग जवळ, एक पायरी वर, बसले. रस्त्यावर रिक्षांची रांग होती. तिसऱ्या रिक्षाच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलं आणि लगेच विसरले.

“मी शोधलं,” ते म्हणाले. “त्या दिवशी काय शिकवलं ते. मला सापडलं नाही, भीमव्वा. मी ते लिहूनच ठेवलं नाही.”

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, “सा तास माज्या मांडीवर व्हती. पानी मागायची, ते म्हणायचे पानी देऊ नगं. वरडायची. मग वरडायची थांबली. मला समदं ठावं हाय सर, मी येडी न्हाई. पर हा कागद गावला, तवापासून हातात घेतला की वाटायचं, एक निंगी माज्या मांडीवर हाय आन एक तिकडं तुमच्या वर्गात बसलीया. अकरा ते पाच. पानी मागत न्हाई, वरडत न्हाई. लिवतीया. म्हून तर मी तुमाला इच्यारलं, काय शिकवलं.” तिने कागद मांडीवर सपाट केला, पदराने त्याच्यावरचा ओलसर हाताचा ठसा पुसला. “आज तुमी खरं बोलला. चांगलं केलं. मी देवापुढं हेच मागत व्हते. पर आता तितंबी न्हाई ती.” आणि तिने कागद त्यांच्या हातात दिला. “तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मला आता ह्याचं काय काम.”

त्यांनी तो नको म्हणायला हवा होता, पण शब्द येईपर्यंत ती रस्ता ओलांडून गेली होती. मार्केट यार्डाच्या दिशेने, भरभर, अर्ध्या दिवसाच्या खाड्यासाठी मुकादमाची बोलणी खायला.

वारज्याच्या बसमध्ये दुपारची गर्दी नव्हती. ओव्हाळांनी कागद मांडीवर घेतला. प्लास्टिकच्या कोपऱ्यांना तीन वर्षांत घड्या पडून पांढरे पट्टे उमटले होते, मध्ये मात्र सगळं स्वच्छ होतं. पंचवीस नावं. ते मनात हजेरी घ्यायला लागले, ओठ न हलवता. शरणप्पा. फुलेश्वरी. रंगराव. प्रत्येक नावानंतर ते थांबत होते, सवयीने, ओ येईल तेवढं. शेजारचा तरुण कानात इअरफोन घालून डुलत होता. अकराव्या नावाशी आल्यावर ते जास्त वेळ थांबले. सिग्नल लागला, सुटला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण दातात धरलं, डावा हात कागदाखाली घेतला आणि लाल गोलातल्या ‘ह’वर आडवी रेघ ओढली. रेघ उठली नाही. शाई प्लास्टिकवर थेंबाथेंबाने गोळा झाली आणि बसच्या हिसक्याबरोबर घरंगळली. त्यांनी पुन्हा ओढली, दाबून, शेवटी निब वाकेल इतकी दाबून. अक्षर खाली तसंच होतं, सुबक, किंचित डावीकडे कललेलं. त्यांनी सांडलेली शाई अंगठ्याने पुसली, आणि वारजे येईपर्यंत तो निळा अंगठा कुठे पुसावा हे त्यांना सुचलं नाही.